चेहरा आणि पांढर

रोमन सम्राट ऑगस्टस पंच्याहत्तरी ओलांडून मेला. नाण्यावर तो शेवटपर्यंत तरुणच राहिला. आपण म्हातारे दिसू नये, ही सत्तेची सर्वांत जुनी हौस.

पुढे सम्राट वेस्पाशियनने नेमके उलटे केले. टक्कल, कपाळावरच्या आठ्या, गळ्याच्या वळ्या, सगळे जसेच्या तसे कोरू दिले. नीरोच्या चैनीला विटलेल्या रोमला साधा, कष्टाळू माणूस हवा होता. नाण्याने तो दाखवला. सुरकुतीसुद्धा जाहीरनामा होऊ शकते.

नीरोची मान इ.स. 54 ते 68 या काळात नाण्यागणिक भरत गेली. कोरणाऱ्याने ती लपवली नाही. त्या कारागिरांची नावे कुठेच नाहीत. दोन सेंटिमीटरही न भरणाऱ्या चांदीच्या चकतीवर त्यांनी हनुवटीचा हट्ट आणि ओठांचा कंटाळा उमटवला. रोमन नाणी जमवणारे या चेहऱ्यांवर जीव टाकतात, आणि त्यात काहीही वावगे नाही.

इसवी सनापूर्वी 44 साली रोमच्या टाकसाळीने पहिल्यांदा एका जिवंत रोमन माणसाचा चेहरा नाण्यावर घेतला: ज्युलिअस सीझर. तोवर ती जागा देवांची आणि पूर्वजांची होती. त्याच वर्षी मार्चमध्ये सीझरचा खून झाला. मारेकऱ्यांपैकी ब्रूटसने पुढे सैन्यासाठी नाणी पाडली. मागच्या बाजूला दोन खंजीर, आणि पुढच्या बाजूला स्वतः ब्रूटस.

जो चेहऱ्याविरुद्ध उठतो, त्यालाही अखेर चेहराच हवा असतो.

हे आपल्याकडेही घडले आहे. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला गोदावरीकाठी चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. 13 हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर, नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसरीकडे उज्जैन चिन्ह. नाणी वितळवून नवी पाडणे त्याला जड नव्हते. पण हरलेल्याचा चेहरा बाजारात फिरत राहावा आणि त्याच्यावर आपला डोंगर असावा, यात जो विजय आहे तो मुशीत नाही. काही नाण्यांवर त्या कमानींच्या आडून नहपानाचे नाक अजून डोकावते.

रेव्हरंड स्कॉट यांनी हा साठा तपासला, तेव्हा त्यांना नहपान एक नव्हे, अनेक दिसले. कुठे तरुण, कुठे वृद्ध, नाकेसुद्धा निरनिराळी. नाव मात्र तेच. चेहरा साक्षीदार खरा, पण त्याची साक्ष तपासून घ्यावी लागते.

पुढे याच सातवाहनांनी स्वतःच्या चेहऱ्याची चांदीची नाणी पाडली. वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि यज्ञश्री यांचे चेहरे आपल्याला त्यांतूनच माहीत आहेत. गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने नाशिकच्या लेण्यात मुलाच्या राज्याची जी यादी कोरवली, तिच्यात विदर्भ आहे. म्हणजे आमचे यवतमाळही त्या डोंगराच्या ठशाखाली आले.

त्या काळी रोमचा पैसा भारतात येत होता. दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स भारत ओढून नेतो, अशी थोरल्या प्लिनीची तक्रार होती. आपल्या लोकांनी ही नाणी घेतली ती सम्राट देखणा म्हणून नव्हे. इ.स. 64 मध्ये नीरोने देनारियस या चांदीच्या नाण्याचे वजनही घटवले आणि चांदीही. भारतात सापडलेल्या रोमन चांदीत बहुतेक नाणी ऑगस्टस आणि टायबेरियसची आहेत, नीरोच्या या घटीच्या आधीची. चेहऱ्याची काळजी रोमला होती. धातूची पारख इथे होत होती. तमिळनाडूत पुदुकोट्टईजवळ 1898 साली 501 रोमन सुवर्णनाणी सापडली. बहुतेकांवर सम्राटाच्या डोक्यावर छिन्नीचा आडवा घाव आहे. घाव का घातला यावर अभ्यासकांचे एकमत नाही. सम्राटाचा धाक मात्र त्या हाताला नव्हता.

शिवछत्रपतींच्या होनावर चेहरा नाही. अक्षरेच आहेत, आणि ती पुरली.

वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. निजामाच्या रुपयावरही अक्षरेच होती. राज्यकर्त्याचा चेहरा रोज हाताळायची सवय आम्हाला राणीछाप रुपयाने लावली. 1862 मध्ये व्हिक्टोरियाची मुकुट घातलेली छबी या रुपयावर आली आणि 1901 पर्यंत तीच राहिली. विलायतेतल्या नाण्यांवर राणी 1887 मध्ये वयस्क झाली, 1893 मध्ये म्हातारी. कापसाच्या बाजारात फिरणारी राणी मात्र चाळीस वर्षे तरुणच. ऑगस्टसची युक्ती वऱ्हाडापर्यंत अशी पोचली.

पुसद, दिग्रस, दारव्ह्याच्या तांड्यांवर हे रुपये बंजारा बायांच्या दागिन्यांत गेले. असा एक रुपया माझ्यासमोर आहे. कडेला डाखेचा काळपट ठिपका. तिथे कडी जोडलेली होती. राणीचा गाल घासून सपाट झाला आहे, डोळा गेला आहे. मागची वेलबुट्टी मात्र ठसठशीत आहे. लेणारीने राणी आत, अंगाकडे ठेवली आणि फुले बाहेर. साम्राज्याने पुढची बाजू कोणती ते ठरवले होते. तिने आपल्यापुरते ते फिरवले. संग्राहकांच्या बाजारात डाख लागलेल्या नाण्याची किंमत उतरते. माझ्या लेखी ती चढते.

नाण्याला दोन नव्हे, तीन बाजू असतात. तिसरी म्हणजे ते सापडले ती जागा.

आमच्याकडे गावोगाव जुन्या वस्तीची पांढर आहे. राख, शेण, हाडे, पडक्या भिंतींची माती यांनी भुसभुशीत झालेली. ही माती लोक गाड्या भरून शेतात टाकतात. मृगाचा पाऊस पडून गेला की तिच्यातून खापरे वर येतात, मणी येतात, शंखाच्या बांगडीचा तुकडा येतो, आणि एखादे वेळी नाणे.

ते नाणे पुढे कुठे जाते? चांदीचे असले तर सराफाकडे, मोडीत. तांब्याचे असले तर चिंचेने घासून लखलखीत केले जाते आणि त्या चमकेत त्याची अक्षरे जातात. व्यापाऱ्याच्या हाती लागले तर सर्वांत आधी गावाचे नाव गळते, कारण गावाचे नाव अडचणीचे असते. 1878 चा कायदा अजून लागू आहे: जमिनीत दहा रुपयांवरच्या मोलाचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे. कळवणाऱ्याच्या हक्काची तरतूदही त्यात आहे. लोकांना त्यातली फक्त भीती माहीत आहे. हे मला फार लागते.

गाव नसलेले नाणे म्हणजे पत्ता फाडलेले पाकीट. मजकूर सुंदर असेल, पण तो कुणाच्या दारात आला होता ते गेले. रोमच्या टाकसाळीत काय चालले होते हे सांगायला जगभरच्या संग्रहांत हजारो टायबेरियस आहेत. तो टायबेरियस कुठल्या ओढ्याकाठी, कुठल्या गाडग्यात, कुठल्या नाण्यांच्या शेजारी पडला होता, हे एकदाच कळू शकते. उचलणाऱ्या हातालाच ते माहीत असते.

यवतमाळच्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यात, तऱ्हाळा गाव आहे. 1939 साली तिथे दीड हजारांवर सातवाहन नाणी सापडली. पोटीन या मिश्रधातूची, मळकट, ओबडधोबड. त्यांवर चेहरा नाही. सोंड उचललेला हत्ती आणि राजाचे नाव, मागे उज्जैन चिन्ह. देखणेपणाच्या स्पर्धेत ती कुठेच बसत नाहीत. पण तो साठा फुटला नाही, वाटला गेला नाही. नाणी साठा म्हणून एकत्र अभ्यासता आली. वा. वि. मिराशी यांनी ती वाचली आणि 1940 मध्ये त्यांवर लिहिले. पुराणांच्या वंशावळीत नसलेले राजे त्यांतून वर आले: कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी. गौतमीपुत्रापासून उत्तरकालीन सातवाहनांपर्यंतची नाणी त्या एका साठ्यात होती, त्यामुळे या घराण्याच्या अखेरच्या काळातही त्याचे नाणे वऱ्हाडात चालत होते, हे तऱ्हाळ्याच्या मातीने सांगितले.