प्याल्यातला द्राक्षारस



परवा मिस्सा संपल्यावर एक माउली मागे थांबली. तिचा मुलगा दारूपायी कामधंद्यातून उठला आहे. ती म्हणाली, "फादर, पोरगं म्हणतंय तुमच्या प्याल्यात बी दारूच असती. मंग त्यालाच का नको म्हणता?" वेदीवरची गोष्ट वेगळी, एवढे सांगून मी सुटलो असतो. पण प्रश्न खरा आहे.

'द्राक्षारस' शब्दाने आपली थोडी फसगत होते. सरबत असावे असे वाटते. प्रत्यक्षात तो आंबवलेला रस असतो. द्राक्षे चुरडली की यीस्ट त्यातील साखरेचे मद्यार्क करते. सालीसकट आंबवले तर तांबडी वाइन होते, साल आधीच वेगळी केली तर पांढरी. त्यात साधारण 12 ते 14 टक्के मद्यार्क असतो. मिस्सासाठीही द्राक्षांचा, शुद्ध आणि न बिघडलेला द्राक्षारसच हवा, असा चर्चचा कायदा आहे. तेव्हा पोराचे म्हणणे खोटे नाही.

नाशिककडे द्राक्षे पिकतात, वाइन होते, शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात. जानेवारी 2022 मध्ये आपल्या राज्य सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असेही बोलले गेले. रसायनशास्त्राला हे मान्य होणार नाही. तांबडी वाइन हृदयाला चांगली, ही समजूत 1990 नंतर जगभर पसरली. पुढे संशोधकांच्या लक्षात आले की 'न पिणाऱ्यां'त आजारपणामुळे पिणे सोडलेलेही मोजले गेले होते. साहजिकच थोडे पिणारे त्यांच्यापेक्षा ठणठणीत दिसले. आरोग्याला निर्धोक असे दारूचे कोणतेच प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये सांगितले. संत पौलाने तिमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले खरे, पण तो एका आजारी माणसाला दिलेला सल्ला होता.

मग द्राक्षारस वाईट का? तसेही म्हणता येत नाही. काना गावच्या लग्नात प्रभूने सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस केला. संत थॉमस अक्वायनस म्हणतात की द्राक्षारस पिणे मुळात पाप नाही. पण ज्याला तो सोसत नाही, ज्याने न पिण्याचा नवस केला आहे, जो प्रमाण सोडतो, किंवा ज्याच्या पिण्याने दुसरा अडखळतो, त्याला तो वर्ज्य आहे. वस्तू तीच, माणूस वेगळा. ॲरिस्टॉटलचा मध्यममार्गही असाच ज्याच्या-त्याच्या मानाने ठरतो; व्यसनी माणसाचे 'थोडे' म्हणजे शून्य. चर्चही हे जाणते. व्यसनाने ग्रासलेल्या धर्मगुरूला बिशपांच्या परवानगीने न आंबलेला ताजा द्राक्षरस वापरता येतो. 2003 मध्ये रोमहून आलेल्या पत्रात हे स्पष्ट केले आहे. वेदीवरच्या धर्मगुरूलाही ही सवलत लागते, तर त्या पोराला आपण का हिणवावे?

अक्वायनसची शेवटची अट मात्र मलाच लागली. मागच्या नाताळात एका घरी आग्रहाने वाइन पुढे केली. पाहुणचार मोडू नये म्हणून मी घेतली. तो मुलगा समोरच बसला होता. तेव्हा माझ्या मनातही आले नाही.

हे सगळे मी त्या माउलीला सांगितले नाही. नाताळची गोष्ट तेवढी सांगितली, आणि म्हणालो, बुधवारी संध्याकाळी त्याला घेऊन या, आपण चहा घेऊ.

तुमचा,
फादर