‘ध’ चा ‘मा’ कोणी केला?

आजचे वाचन : गीता, अध्याय २, श्लोक ६२ आणि ६३

एखाद्या गोष्टीचे नुसते चिंतन, त्यातून ओढ, ओढीतून कामना, मग क्रोध, मोह, स्मृतीचा घोटाळा आणि शेवटी बुद्धीचाच नाश. वर्ध्याला गोपुरीच्या गीताई मंदिरात शिळांवरचे श्लोक वाचत फिरताना मी इथे नेहमी अडखळतो. एवढा मोठा नाश, आणि सुरुवात कशात? मनात घोळवण्यात!

खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ नाटक १९०९ साली रंगभूमीवर आले. त्यातली कथा तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा. अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा जिवाच्या भीतीने काकाला जाऊन बिलगतो आणि गारदी त्याला तिथेच मारतात. आख्यायिका अशी, की राघोबादादांच्या चिठ्ठीत ‘धरावे’ होते, आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले. तेव्हापासून आपण सगळे त्या एका अक्षराला आणि त्या बाईला दोष देत आलो.

मला हे फार सोयीचे वाटते. दादा काही क्षुद्र माणूस नव्हता. १७५८ साली त्याच्याच नेतृत्वाखाली मराठी फौजा लाहोरात शिरल्या. पण गादी आपली, हे त्याने वर्षानुवर्षे मनात घोळवले. पुतण्याला धरायला पैसे देऊन हत्यारबंद माणसे लावली, तेव्हा अक्षर बदलायला लेखणी कशाला हवी होती? रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते दादाला. तरी ओढ सुटली नाही. १७७५ मध्ये सुरतेच्या तहात त्याने साष्टी-वसई इंग्रजांना देऊ केली, त्याच गादीसाठी.

आता माझे सांगतो. लिहायला जड जाते आहे.

गावच्या सोसायटीत एकदा अध्यक्ष व्हावे, असे मला फार वर्षे वाटत होते. समोर उभा राहिला तो माझा बालमित्र. मी पुतण्याला म्हटले, “त्याला जरा समजवा.” एवढेच. पोरे रात्री त्याच्या घरी गेली. लग्न झालेली लेक माहेरी आलेली होती, तिच्यासमोर त्याचे थकलेले पीककर्ज काढले, पुढे कर्ज कसे मिळते ते पाहू म्हणाले. सकाळी त्याने अर्ज मागे घेतला. मी अविरोध निवडून आलो, हारही घालून घेतले.

कळल्यावर पुतण्यावर ओरडलो, “मी समजवा म्हटलं होतं!” तो शांतपणे म्हणाला, “काकाजी, तुमचं मन आमाले समजत नाही का?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर ‘समजवा’ म्हणताना ते कसे समजावतील, हे मी मुद्दामच विचारले नव्हते.

यंदा पोळ्याला तो बैलजोडी घेऊन आमच्या दारावरून गेला. दरवर्षी बैल आधी आमच्याकडे यायचे. हिने ओवाळणीचे ताट करून ठेवले होते. तो थांबला नाही. ती काही बोलली नाही, ताट आत घेऊन गेली.

आज वाचन झाल्यावर त्याच्याकडे जाणार आहे. काय बोलायचे ते अजून सुचले नाही. ‘पोरांनी केलं’ एवढे मात्र म्हणायचे नाही.