तालीम देणाऱ्याचा अधिकार

नट जन्मावा लागतो की शिकवून तयार करता येतो, हा वाद आपल्याकडे पुष्कळ झाला आहे व पुढेही होत राहील. त्याच्या शेजारचा एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. दुसऱ्या माणसाचा आवाज, त्याची चाल, त्याच्या तोंडची भाषा बदलण्याचा अधिकार शिकविणाऱ्यास मिळतो कोठून? चित्रकलेचा शिक्षक शिष्याच्या कुंचल्यास हात घालतो. अभिनयाचा शिक्षक शिष्याच्या देहासच हात घालतो. साधन आणि माणूस येथे वेगळे काढता येत नाहीत. म्हणून या शिकवणीला नीतीचा प्रश्न जन्मतःच चिकटलेला आहे.

आम्ही राहतो तो रायपूरचा बूढापारा हे अशा विचारास अगदीच अनुचित स्थळ नव्हे. बूढा तालाबाच्या काठच्या या जुन्या वस्तीत पुढे विवेकानंद म्हणून विख्यात झालेला मुलगा १८७७ च्या सुमारास वडिलांबरोबर येऊन राहिला होता. माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळाही येथेच आहे. सप्रे मराठी घरातले. पण १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले ते हिंदीत, आणि पुढे दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेले तेही त्यांनीच. एका माणसाने आपली लेखणी दुसऱ्या भाषेच्या स्वाधीन केली. पण ती आपण होऊन केली. हा ‘आपण होऊन’ आमच्या विषयाच्या मुळाशी आहे.

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की अलीकडे शहरात अभिनय-शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. पूर्वी अशी शिबिरे नाटकापुरती असत. आता रंगमंच आणि कॅमेरा अशी जोडगोळी असल्याखेरीज कोणी फी भरीत नाही. याचे कारणही उघड आहे. पहिला छत्तीसगढी चित्रपट ‘कहि देबे संदेस’ मनु नायक यांनी १९६५ साली काढला, त्यानंतर दीर्घकाळ हा व्यवसाय रुजला नाही. परंतु २००० साली सतीश जैन यांच्या ‘मोर छंइहा भुंइया’ने गर्दी खेचली, त्याच वर्षी १ नोव्हेंबरला वेगळे राज्य झाले, आणि रायपूर हे चित्रपट निघण्याचे गाव बनले. तरुणांना कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची ओढ लागली यात नवल नाही.

या शिबिरांत जे शिकवितात त्यातील बराचसा भाग निर्दोष आहे. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचविण्यासाठी श्वास कोठून घ्यावा. कॅमेऱ्यापुढे तोच शब्द शेजारच्याला सांगितल्यासारखा कसा बोलावा. जमिनीवर आखलेल्या खुणेवर खाली न पाहता कसे थांबावे. एकाच प्रसंगाचे तुकडे उलटसुलट क्रमाने निरनिराळ्या दिवशी घेतले जातात, तेव्हा चहाचा पेला कोणत्या हातात होता हे कसे लक्षात ठेवावे. रंगभूमीवर नट पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत आपल्या भूमिकेचा धनी असतो. कॅमेऱ्यापुढे ती भूमिका तुकड्यातुकड्यांनी काढून घेतात आणि शेवटी जोडतो तिसराच. हे सर्व कौशल्य आहे. सुतारकामाप्रमाणे ते शिकावे, वापरावे, आणि घरी जाताना हत्यारांच्या पेटीत ठेवून द्यावे. आपल्या जुन्या नाटकमंडळ्यांत याला तालीम म्हणत, आणि किर्लोस्कर मंडळीचे गोविंद बल्लाळ देवल यांच्यासारखा तालीममास्तर असला म्हणजे नटांना दुसरे विद्यापीठ लागत नसे.

अडचण येते ती पेटीत ठेवता न येणाऱ्या गोष्टींची, आणि त्याचे आम्हांस ठाऊक असलेले सर्वांत बोलके उदाहरण याच शहरातले आहे. हबीब तनवीर यांचा जन्म १९२३ साली रायपुरात झाला. १९५५ मध्ये ते लंडनच्या नाट्यविद्यालयात शिकावयास गेले, तेथून ब्रिस्टलला, आणि युरोपभर हिंडून १९५८ साली परत आले. आल्यावर त्यांनी छत्तीसगढच्या ‘नाचा’तील काही कलावंत दिल्लीस नेले व ‘मृच्छकटिका’च्या हिंदी रूपात, ‘मिट्टी की गाडी’त, त्यांना उभे केले. ठाकुरराम, मदनलाल, भुलवाराम, लालूराम ही त्यांतील नावे. गावच्या नाचात रात्र रात्र लोकांना खिळवून ठेवणारी ही माणसे तनवीरांच्या तालमीत मात्र अडखळू लागली. तनवीर त्यांना हिंदी बोलावयास लावीत, आणि अमुक वाक्यावर अमुक पावले चालावयास लावीत. गावात तिन्ही-चारी बाजूंनी लोक बसलेले असतात. ज्या बाजूने हसू येईल त्या बाजूस नट वळतो. त्याला आखलेली रेघ कशी मानवावी? ही ओढाताण एक-दोन महिने नव्हे, वर्षानुवर्षे चालली.

आपले चुकते कोठे, हे तनवीरांनी पुढे स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. एक, आपण त्यांची मातृभाषा काढून घेतली. दुसरे, त्यांच्या हालचालीचे स्वातंत्र्य काढून घेतले. १९७३ साली रायपुरात त्यांनी नाचाच्या कलावंतांचे सुमारे महिनाभर शिबिर भरविले, तेव्हा उलट रीत धरली. कलावंतांनी आपले जुने प्रहसन करावे, आपल्या बोलीत करावे, आणि दिग्दर्शकाने पाहावे. तीन जुनी प्रहसने एकत्र गुंफून ‘गांव के नाम ससुराल, मोर नाम दामाद’ हे नाटक त्या शिबिरातून निघाले. भिलाईच्या अशाच एका शिबिरात ‘चरणदास चोर’ची बीजे पडली, १९७५ साली ते रंगभूमीवर आले आणि १९८२ मध्ये एडिंबरो येथे गौरविले गेले. थोडक्यात, पंधरा वर्षांत ज्याची तालीम झाली तो ठाकुरराम नव्हे. लंडनहून शिकून आलेला मास्तर होय.

येथे थांबून टाळ्या वाजविणे सोपे आहे. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. ‘जसे आहात तसेच राहा’ हा उपदेशदेखील उपदेशच, आणि तो शहरातल्या माणसाने खेड्यातल्यास केलेला. प्रहसनातला कोणता भाग ठेवावयाचा, कोणता पसारा कापावयाचा, हे तनवीरच ठरवीत. चाळणी त्यांच्याच हातात होती. नाटकाबरोबर त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, पण भुलवारामचे नाव ऐकून आमच्या कचेरीतील किती जण मान वर करतील? तथापि एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. १९७३ च्या रीतीत कलावंतास नाही म्हणता येत होते. वाक्य जमले नाही तर तो आपले वाक्य घाली. ज्या तालमीत शिष्याला नाही म्हणण्याची सोय आहे ती तालीम, आणि जिथे नाही ती निव्वळ कवाईत, असा भेद आम्ही करतो.

कॅमेऱ्याच्या शिबिरांविषयी आमची खरी तक्रार याच जागी आहे. एका शिबिरात (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) एकोणीस वर्षांच्या मुलास सर्वांदेखत डोळे मिटून बसविले, वडिलांच्या अंत्यसमयाची आठवण काढावयास सांगितले, आणि तो हुंदके देऊ लागताच कॅमेरा त्याच्या तोंडाजवळ नेला. मागून शिक्षकांनी शाबासकी दिली. त्या मुलाने ही हकीकत आम्हांस सांगितली ती अभिमानाने. पण सांगताना तो आमच्याकडे पाहत नव्हता.

या प्रयोगामागे मोठे नाव आहे. मॉस्कोच्या स्टानिस्लावस्कीने नटाच्या स्वतःच्या भावनांच्या स्मृतीवर भर दिला होता. परंतु उत्तर आयुष्यात त्यानेच तो भर कमी करून देहाच्या साध्या कृतींवर दिला, हे शिबिरवाल्यांच्या कानी गेलेले दिसत नाही. फ्रान्समध्ये दिदरोने तर अठराव्या शतकातच म्हणून ठेवले होते की थोर नट स्वतः काही भोगीत नाही; तो थंड डोक्याने दुसऱ्यास भोगावयास लावतो. आपला भरत या दोहोंच्या मध्ये उभा आहे. अश्रू, रोमांच, स्वरभंग वगैरे आठ सात्त्विक भाव त्याने सांगितले, आणि ते एकाग्र झालेल्या मनातून येतात असे म्हटले. एकाग्र मन आणि उघडी पाडलेली जखम या भिन्न गोष्टी आहेत. जखम उघडी करून मिळालेले अश्रू खरे असतीलही. पण ते ज्याचे आहेत त्याने दिले, की त्याच्याकडून काढले? त्यापेक्षा ग्लिसरीनची बाटली आम्हांस अधिक सज्जन वाटते.

शिवाय कॅमेऱ्याला एवढ्या रक्ताची गरज असते काय, याचीही शंकाच आहे. कुलेशोव्ह नावाच्या रशियन दिग्दर्शकाने १९२० च्या आसपास एक गंमत केली. एका नटाचा निर्विकार चेहरा त्याने एकदा रश्श्याच्या ताटलीला जोडला, एकदा शवपेटीला. चेहरा तोच असता प्रेक्षकांना पहिल्या वेळी त्यावर भूक दिसली, दुसऱ्या वेळी शोक. नटाच्या वडिलांना येथे कोणी आठवले नव्हते. याउलट छत्तीसगढच्याच ओंकारदास माणिकपुरी यांचे उदाहरण पाहावे. नाचात गाणारा, हसविणारा, पुढे तनवीरांच्या ‘नया थिएटर’मध्ये काम केलेला हा नट २०१० साली ‘पीपली लाइव्ह’मध्ये नत्था शेतकरी झाला. नत्था त्या चित्रपटात फार थोडे बोलतो. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ चित्रपट पाहून म्हणाले, ‘कुठून तरी खरा शेतकरी उचलून आणलेला दिसतो.’ ही स्तुती आहे असे त्यांना वाटले. आम्हांस ती एका माणसाच्या वर्षांच्या कष्टांची चोरी वाटली. हसविण्याचा एवढा साठा जवळ असताना तो आवरून धरणे, हे ज्याला साधते तोच तसा गप्प बसू शकतो.

आता थोडे आपल्या घरचे. परमुलखात नोकरी करणारी आपण माणसे वर्षातून एकदा गणेशोत्सवात मराठी नाटक करतो, आणि हल्ली त्यासाठी महाराष्ट्रातून मार्गदर्शक बोलावण्याची प्रथा पडली आहे. अशाच एका मंडळाच्या तालमीत रायपुरात जन्मलेली एक मुलगी होती. ‘बाबा येऊन राहिले’ असे वाक्य तिच्या तोंडून सहज गेले. लेखकाचे वाक्य ‘बाबा येत आहेत’ असे होते. मार्गदर्शकांनी तिला थांबविले, ते वाक्य आठ-दहा वेळा म्हणवून घेतले, आणि ही मराठी नव्हे असा शेरा दिला. प्रयोगात तिने सर्व वाक्ये निर्दोष म्हटली. ती उभी होती तिथे मात्र कोणी नव्हते.

मार्गदर्शकांची बाजू आम्हांस दिसत नाही असे नाही. लेखकाच्या शब्दाचा मान राखला पाहिजे, आणि पुण्याच्या घरात घडणाऱ्या नाटकातली मुलगी पुण्याचे बोलली पाहिजे. बिलासपूरला जन्मलेले सत्यदेव दुबे मुंबईस गेले, आणि हिंदी-मराठी नटांच्या दोन पिढ्यांना त्यांनी शिबिरांतून शिकविले, तेही मुख्यतः बोलणेच. उच्चाराच्या बाबतीत ते कोणाची गय करीत नसत. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा १९७१ चा चित्रपट या छत्तीसगढी हिंदी भाषकाने केला, आणि रंगभूमीवरच्या सुलभा देशपांडे यांच्याच बेणारेबाई त्याने पडद्यावर आणल्या. तेव्हा कठोर तालमीस आमचा विरोध नाही. ‘या भूमिकेसाठी असे बोल’ हे एक सांगणे आहे. ‘तू बोलतेस ती भाषाच नव्हे’ हे दुसरे. पहिले ती मुलगी प्रयोग संपताच लुगड्याबरोबर उतरवून ठेवील. दुसरे ती घरी घेऊन जाईल आणि आजीशी बोलताना अडखळेल.

आम्हां कारकुनांना हे निराळे समजावून सांगावयास नको. कचेरीच्या टिपणीची भाषा आम्ही शिकलो, साहेबांपुढे उभे राहण्याची ढब शिकलो, आणि साडेपाच वाजता दोन्ही टेबलावर ठेवून घरी येतो. ज्याला ती ठेवून येता येत नाही अशा सहकाऱ्याच्या घरी जेवावयास जाण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, ते आमचे म्हणणे मान्य करतील.

येत्या दिवाळीनंतर येथील काही मराठी मंडळी मुलांसाठी आठ दिवसांचे शिबिर घेण्याचे योजीत आहेत. शेवटचे तीन दिवस कॅमेऱ्याचे आहेत. आमचे मत विचारले गेले तेव्हा आम्ही दोन गोष्टी सुचविल्या. पहिले दोन दिवस येणाऱ्या मार्गदर्शकांनी काही शिकवू नये. मुले घरात, तालाबावर, शाळेच्या दारात जशी बोलतात तशी त्यांच्याकडून चार प्रसंग करवून घ्यावेत आणि नुसते बसून पाहावेत. आणि कॅमेऱ्यापुढे घेतलेले सर्व चित्रण मुलास आधी दाखवावे. त्यातील जो तुकडा त्याला नको असेल तो कारण न विचारता पुसून टाकावा. दुसऱ्या सूचनेस कोणी हरकत घेतली नाही. पहिलीवर बराच वाद झाला, कारण मार्गदर्शकांचे मानधन दिवसाप्रमाणे आहे, आणि नुसते बसून पाहण्याचे पैसे द्यावेत की नाही, यावर अद्याप एकमत झालेले नाही.