दोराचे पहिले टोक

धाडसावर निबंध लिहायला मी मुलांना दरवर्षी सांगतो. ‘धाडसी मनुष्य मृत्यूला भीत नाही’ या वाक्याला मी आजवर किती गुण दिले असतील, कोण जाणे! गेल्या श्रावणापासून मात्र त्या वाक्याशी माझी तांबडी शाई अडखळते.

ताम्हिणी घाटाच्या माथ्यावरील पिंपरीहून कोकणातल्या भिऱ्याला उतरणारी सुमारे १३ किलोमीटरांची पायवाट अंधारबनातून जाते. नाव अगदी यथार्थ आहे. भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखे वाटावे इतकी झाडी दाट. एका अंगाला कुंडलिकेची खोल दरी, आणि कड्याकड्यांवरून लोंबणारे धबधबे. आम्ही शाळेतले चौघे शिक्षक, सारेच चाळिशी उलटलेले, एका दिवसात ही वाट उतरून जायचे म्हणून निघालो. बरोबर थालीपिठे, एक दोर, आणि त्याच भागातला एक तरुण वाटाड्या. त्याची मजुरी आम्ही सकाळीच घासाघीस करून थोडी खाली आणली होती.

हिर्डी गाव अजून पुढे होते. एका ओढ्याशी तो थबकला.

“गुरुजी, पाणी गढूळलंय. वर पाऊस झालाय. आता नको.”

पाणी तर गुडघ्याखालीच होते. पण मघाशी दिसणारा तळ दिसेनासा झाला होता, पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या होत्या आणि ओढ्याचा आवाज जाड झाला होता. सह्याद्रीचा काळा पाषाण पाणी फारसे पोटात घेत नाही. माथ्यावर कोसळलेला पाऊस पाहता पाहता ओढ्यात येतो, मग खाली ऊन का पडलेले असेना. हा धडा भूगोलाच्या तासाला मीच शिकवतो! ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, तेव्हा वर्तमानपत्र हातात धरून मीच हळहळलो होतो. तरीही परत फिरायचे जिवावर आले. मी म्हणालो, “अरे, एवढंसं तर पाणी. बघ की जमतंय का!”

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “तुम्ही म्हणताय, तर आधी मी जाऊन बघतो.” त्याने दोराचे एक टोक कमरेला बांधले, दुसरे आमच्या हाती दिले आणि तो उतरला. चौथ्या-पाचव्या पावलाला पाय निसटला. तो छातीपर्यंत पाण्यात गेला. आम्ही चौघांनी दोर ओढला; माझ्या तळहाताची साल निघाली. वर आला तेव्हा त्याच्या कोपरातून रक्त येत होते, आणि तो हसण्याचा प्रयत्न करीत होता. आम्ही मुकाट्याने पिंपरीला परतलो. ठरलेल्या मजुरीवर मी आणखी काही नोटा त्याच्या हातात कोंबल्या. त्याने त्या न मोजताच खिशात घातल्या.

‘जीव माझा, मर्जी माझी,’ असे धाडसाचे समर्थन करतात. मलाही ते पटत असे. पण त्या दिवशी माझा जीव कोरड्या खडकावर उभा होता आणि मर्जी तेवढी पाण्यात उतरली होती. तो एकटा असता तर त्या ओढ्यात पाय घालता ना. त्याला आम्ही नेले. आमच्या हौसेने, आणि त्याच्या रोजाने.

मग डोंगरात कोणी जाऊच नये काय? तसे मी म्हणणार नाही. तेनसिंग आणि हिलरी १९५३ साली एव्हरेस्टवर उभे राहिले, तेही असंख्य पाठींवरून गेलेल्या ओझ्यांच्या बळावर. दुसऱ्याच्या आधारावाचून मोठे साहस होत नाही. परंतु तो आधार देणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक हवी. ज्याची त्या दिवसाची चूल आपल्या हातात आहे, तो ‘नको’ एकदाच म्हणतो, तेही हळू आवाजात. दुसऱ्यांदा म्हणण्याची त्याची ऐपत नसते. त्याचे ते एकच ‘नको’ आपण दहांच्या बरोबरीचे मानले पाहिजे. तत्त्वज्ञानाचे ग्रंथ मी वाचलेले नाहीत. माझे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही. पण एवढे मला त्या ओढ्याने शिकवले.

आणि खरी टोचणी पुढेच आहे. सोमवारी वर्गात मुलांनी माझ्या हाताची पट्टी पाहून विचारले. मी सांगितले, “ओढ्याला पाणी चढत होते. मी वेळीच ओळखले आणि सर्वांना परत फिरवले.” मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी घेतल्या.

फराळाच्या ताटाशी बसून हे लिहितो आहे. हाताची साल केव्हाच भरून आली. दिवाळीची सुटी संपली की निबंधाचा तास येईल. त्या दिवशी आधी मी ती गोष्ट पुन्हा सांगणार आहे. या खेपेला पाणी कोणी ओळखले आणि पाण्यात कोण उतरले, ते जसे घडले तसे. टाळ्या वाजणार नाहीत, याची कल्पना आहे. थोडी भीतीही वाटते.