आंबा, झेला आणि गीता २.४७

आजचा श्लोक सगळ्यांना पाठ असलेलाच: अधिकार कर्मावर, फळावर नाही.

हापूस काठीने पाडला तर फुटतो. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो. या रोजच्या त्रासातूनच कोकणात काठीला जाळी बांधलेला झेला आला. पुढे दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पातं जोडून ‘नूतन झेला’ काढला. आंबा देठासकट कापला जाऊन जाळीत पडतो.

बाबांना आता झाडावर चढवत नाही, म्हणून या मे महिन्यात मालवणला मीही एक बनवला. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, टोकाला कटर, खाली सायकलचा ब्रेक. तीन वीकेंड गेले. (स्टेटससाठी व्हिडिओही काढलेला, खोटं कशाला बोलू!) बाबांनी दोन आंबे काढले, "बरो आसा" म्हणाले आणि जुना बांबूचाच उचलला. जाम चिडलो. रात्री हा श्लोक वाचताना अडकलो. मला बाबांचा त्रास कमी करायचा होता की शाबासकी हवी होती?

सकाळी विचारलं, "बाबा, तुमका अडता खंय?"

"टोकाक जड आसा रे. खांदो दुखता."

हे मी बनवण्याआधी विचारलंच नव्हतं. येत्या शनिवारी कटर काढून हलकं पातं बसवतोय.