किती मंडळी आहेत?

आजचं वाचन: प्रेषितांची कृत्ये 6:1-7



अंधेरीला सीप्झमध्ये काम करणाऱ्यांनी हे पाहिलं असेल. आयटी कंपन्या आणि दागिन्यांच्या कारखान्यांच्या मधोमध एका जुन्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. सेंट जॉन द बाप्टिस्ट, जेझुइटांनी 1579 मध्ये बांधलेलं. 1840 मध्ये तिथे साथ पसरली, लोक गाव सोडून गेले. मग व्हिकरनेही चर्च मरोळला हलवलं. मूर्ती, वेद्या, बाप्तिस्म्याचं कुंडसुद्धा नेलं. अडीचशे वर्षांची वास्तू मागे ठेवणं सोपं गेलं नसणार. पण माणसं जिकडे, तिकडे चर्च.

मी प्रोटेस्टंट घरातला, तरी त्या व्हिकरचा निर्णय मला पटतो. आपल्या मराठी बायबलमध्ये तर शब्दच 'मंडळी' आहे. "जेवायला किती मंडळी आहेत?" असं आई विचारते, तेव्हा ती खुर्च्या मोजत नाही.

आजच्या उताऱ्यातला प्रश्नही जेवणाचाच आहे. यरुशलेमेत शिष्यांची संख्या भराभर वाढत होती आणि नेमक्या त्याच दिवसांत ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटणीतून सुटत होत्या. कुणी मुद्दाम केलं असं लूक म्हणत नाही. बहुतेक गर्दीत राहून गेलं असेल. कुरकुर झाली. प्रेषितांनी ती तक्रार, आम्ही ऑफिसात कधीकधी करतो तशी, 'हा बग नाही' म्हणून बंद केली नाही. सगळ्या शिष्यांना बोलावलं.

हा उतारा मी वर्षानुवर्षं असा वाचला की वचनाची सेवा मोठी, वाढपाचं काम दुसऱ्या कुणाकडे तरी द्यावं. पण त्या कामासाठी माणसं कशी हवीत ते बघा: आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण! निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाटणी सोपवली. पुढे पहिला रक्तसाक्षी झालेला स्तेफन याच सातांतला, आणि कूशी अधिकाऱ्याला बाप्तिस्मा देणारा फिलिप्पही. सातवं वचन सांगतं की यानंतर देवाचं वचन पसरत गेलं.

आता माझं सांगतो. आमच्या मंडळीत उपासनेचं लाइव्ह प्रक्षेपण मी बघतो. दर रविवारी किती जणांनी पाहिलं याची एक्सेल शीट आहे, आलेख आहेत. गेले तीन महिने नव्या एलईडी स्क्रीनची कोटेशन्स गोळा करतोय. मागच्या आठवड्यात पाळकसाहेबांनी सहज विचारलं, "तिसऱ्या बाकावरच्या आजी दिसत नाहीत हल्ली?"

मला सांगता येईना. ते बाक माझ्या कॅमेऱ्याच्या फ्रेममध्येच असतं.

शनिवारी त्यांच्याकडे गेलो. चौथा मजला, लिफ्ट बंद, गुडघे गेलेले. ईस्टरनंतर त्या खाली उतरल्याच नव्हत्या. मी उत्साहाने विचारलं, "आजी, यूट्यूबवर बघता ना?" त्यांनी बटणांचा फोन दाखवला. मग चहा टाकला, आणि म्हणाल्या, "प्रभुभोजन घेऊन किती दिवस झाले रे."

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

येत्या रविवारी उपासनेनंतर कमिटीची मीटिंग आहे. स्क्रीन वाईट नाही, मागे बसणाऱ्यांना गीतं दिसत नाहीत हेही खरंच. पण माझ्या शीटमध्ये आता एक नवीन टॅब आहे, जे येऊ शकत नाहीत त्यांचा. पाळकसाहेबांसोबत बसून काल अकरा नावं निघाली. त्यांतल्या चौघांचे पत्ते कुणाकडेच नाहीत.

प्रार्थना: प्रभू येशू, ते चार पत्ते तुला ठाऊक आहेत. आम्हाला शोधायला लाव. आमेन.