पुढच्या चाकांवर

मागचा दांडा तुटलेली जीप पुढच्या चाकांच्या बळावर चालवावी काय, हा प्रश्न दिवाळी अंकाचा वाचक नाना पेठेतल्या एखाद्या मेस्त्रीकडे खुशाल सोपवील. मेस्त्री उत्तर देतो, आणि चोख देतो. परंतु त्या उत्तराला तो एक पुस्ती जोडतो, आणि नीतीचा प्रश्न तिथून सुरू होतो.

जुन्या घडणीची जीप घ्या. १९४७ साली महिंद्रांनी विलीस जीपची जुळणी मुंबईत सुरू केली, त्या वंशातली. तिच्या गिअरबॉक्सला लागून ट्रान्स्फर केस नावाची आणखी एक पेटी असते. तिच्यातून दोन दांडे निघतात, एक पुढच्या आसाकडे, एक मागच्या. सपाट सडकेवर मागचा एकटा राबतो, पुढचा केवळ सोबतीला असतो. समजा, वेल्ह्याहून परतताना पाबे घाटात मागच्या दांड्याचा क्रॉस तुटला. दांडा दोन्ही टोकांचे बोल्ट काढून सोडवून घ्यावा. लोंबता राहिला तर रस्त्यात रुतून अनर्थ करील. मग फोर-व्हीलचा लिव्हर टाकावा. गाडी चालू लागते, आणि खडकवासला येईतो चालवणाऱ्याला वाटू लागते की काही बिघडलेच नव्हते!

मेस्त्रीची पुस्ती अशी: घरापर्यंत न्या, पण सवय लावू नका.

पुढचा आस भार वाटून घेण्यासाठी घडवलेला असतो, एकट्याने वाहण्यासाठी नव्हे. चढावर वजन मागे सरकते आणि पुढची चाके जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून जाणते लोक असा चढ उलट्या गिअरमध्ये चढतात. हातब्रेकची गोष्ट तर याहून बोलकी. जुन्या विलीसमध्ये तो चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागल्या तोंडाशी, नेमका या तुटलेल्या दांड्याच्या मुळाशी बसवलेला असतो. सवयीने लिव्हर पुन्हा टू-व्हीलवर आणला आणि ब्रेक ओढला, तर ब्रेक घट्ट बसतो आणि गाडी मात्र उताराला लागते. हाताला वाटते बंदोबस्त झाला. चाकांना त्याचा पत्ताच नसतो.

‘तात्पुरते’ या शब्दावर आपण पुणेकरांनी फार विसंबू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. पूरग्रस्तांसाठी ज्या वसाहती वसवल्या, त्यांतल्या घरांच्या मालकीचा प्रश्न पुढे कित्येक दशके रेंगाळला. पण सरकारला नावे ठेवणे सोपे आहे. घरातले पाहा. वडील गेले किंवा त्यांची नोकरी सुटली, की थोरली मुलगी कामाला लागते, धाकट्याचे शिक्षण होईपर्यंत. ती निभावते. निभावते म्हणूनच कोणी मोजदाद ठेवत नाही. धाकट्याचे शिक्षण होते, मग लग्न, मग त्याचा फ्लॅट, ताई आहेच.

तिला झेपते, हे तिच्यावर ओझे ठेवण्याचे कारण होऊ शकते काय? कोणी म्हणेल, तिची तक्रार नाही. तक्रार आसाचीही नसते. तरी हा दृष्टान्त इथे अपुरा पडतो, हे मान्य केले पाहिजे. कारण आसाला अभिमान नसतो, माणसाला असतो. घर आपल्यावर चालते ही जाणीव तिचे सर्वांत मोठे धन असू शकते, आणि दयेपोटी ते हिरावून घेणे हाही अन्यायच. त्यामुळे ओझे उतरवलेच पाहिजे, असे मी म्हणणार नाही. मला वाटते ते एवढेच, की पहिल्या दिवशी तिने दिलेला होकार ठराविक पल्ल्याचा होता. तो पल्ला संपला की पुन्हा विचारावे लागते. जुन्या होकारावर पुढचा प्रवास फुकट होत नाही. आणि नकार आला तर तो ऐकण्याची तयारी ठेवून विचारावे लागते, नाहीतर ते विचारणे केवळ रीत पाळणे होय.

विचारायचे कोणी? आईला ते सुचणार नाही, तिला तो आधार सुटण्याची धास्ती असते. ताई स्वतः बोलणार नाही. उरला धाकटा. त्याचा पहिला पगार होतो त्या संध्याकाळी, पेढे वाटून झाल्यावर, त्याने हे विचारायला हरकत नाही.